साहेब बदलले, फाइल तिथेच आहे

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"मी ३२ वर्षांची, राहते डोंबिवलीला. पाच वर्षं एका वृत्तपत्रासाठी मंत्रालय बीट केली, म्हणजे तिथल्या बातम्या दिल्या. गेली चार वर्षं खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत कॉर्पोरेट अफेअर्सचं, म्हणजे सरकारदरबारी कंपनीची बाजू मांडायचं काम बघते. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, मुख्यालय गुरुग्रामला. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात सगळं आलं. ज्या उपसचिवांना आमचा पॅकिंगचा विषय मी दोन वर्षं समजावून सांगत होते त्यांची बदली झाली. लगेच वरिष्ठांनी एक सल्लागार शोधला. तो 'साहेबांचा माणूस' म्हणून ओळखला जातो. काम झालं तर फी, नाही झालं तर काही नाही, असा व्यवहार. करारावर शिफारस म्हणून सही माझी हवी आहे, तीही या महिनाअखेरीच्या आत. दुसरीकडे मुख्यालय म्हणतं, सरकारी हालचालींवर लक्ष ठेवायला आम्ही एआयचं साधन घेतलंय, मुंबईत दोन माणसं लागतातच का ते कळवा. आणि घरी बाबा. ते मंत्रालयातूनच कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. परवा जेवताना म्हणाले, 'आम्ही ज्यांना आयुष्यभर दाराबाहेर बसवलं, त्यांच्यात तू जाऊन बसलीस.' मला रात्रभर झोप लागली नाही. या कामाला पुढे भविष्य आहे का? आणि हे काम चांगलं आहे का?"

— एक वाचक, डोंबिवली

वयाने मी तुझ्या मावशीसारखी, म्हणून अगं-तुगं करते. याच कामात मी २६ वर्षं काढली. सुरुवात केली तेव्हा आमच्या खात्याला कुणी पब्लिक अफेअर्स म्हणत नव्हतं, लायझनिंग म्हणत. नातेवाइकांत सांगताना मी 'कंपनीत आहे' एवढंच सांगायचे. त्यामुळे तुझी ती रात्र मला समजली. पण महिनाअखेर जवळ आहे, म्हणून आधी सहीचं बोलते.

सही करू नकोस.

भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. त्यातलं कलम ७अ वाचून काढ. सरकारी नोकराकडून अनुचित किंवा अप्रामाणिक रीतीने काम करवून घेण्यासाठी त्याच्यावर भ्रष्ट किंवा बेकायदा मार्गाने अथवा स्वतःच्या वैयक्तिक प्रभावाने वजन टाकीन, असं म्हणून जो गैरलाभ घेतो तो गुन्हेगार. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. 'साहेबांचा माणूस' या ओळखीवरच ज्याला फी मिळणार आहे, तो दुसरं काय विकतोय? पुढचं कलम ९ कंपनीसाठी आहे. कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाने धंद्याच्या फायद्यासाठी लाच दिली, तर कंपनीवर गुन्हा येतो. 'तो आमचा कर्मचारी नव्हता, सल्लागार होता' हे उत्तर तिथे चालत नाही. आणि कलम १० नुसार कंपनीतल्या ज्या अधिकाऱ्याच्या संमतीने किंवा संगनमताने हे घडलं असं सिद्ध होईल, त्यालाही तीन ते सात वर्षं. आता मला सांग, करारावर शिफारशीची सही तुझ्या वरिष्ठांची का नाही, तुझी का हवी आहे?

काम झाल्यावर फी हा व्यवहार प्रत्येक वेळी गुन्हाच असतो असं मी म्हणत नाही. पण सरकारी निर्णयावर लावलेली अशी फी म्हणजे पैसा कुठे मुरला हे न विचारण्याचा करार. मी जिथे जिथे काम केलं तिथे हा एक नियम सोडला नाही: सल्लागाराला वेळेची आणि कामाची ठरलेली फी द्यायची, निकालाची नाही.

नाही म्हणायची पद्धत मात्र नीट हवी. तोंडी वाद घालू नकोस. कंपनीच्या विधी विभागप्रमुखांना दहा ओळींचा ईमेल लिही आणि त्यात साधे प्रश्न विचार. हे गृहस्थ नेमकं कोणतं काम करणार, कोणाला भेटणार, भेटीची नोंद आपल्याला देणार का, ठरलेल्या फीवर काम करायला तयार आहेत का, आणि आपल्या लाचप्रतिबंधक धोरणाखाली त्यांची तपासणी झाली आहे का. या प्रश्नांना कागदावर उत्तर देणारे चांगले सल्लागारही असतात, हे मुद्दाम सांगते. निवृत्त अधिकारी असतात, वकील असतात. निवेदन कसं लिहायचं, कोणत्या नियमाचा आधार घ्यायचा, विषय कोणत्या कार्यासनाचा, म्हणजे विभागातल्या कोणत्या टेबलाचा आहे, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्यांना फी द्यावी, आनंदाने द्यावी. तुझा 'साहेबांचा माणूस' पहिल्या प्रश्नालाच नाराज होईल असं मला वाटतं. मग वरिष्ठांनाही कळेल.

उद्या खरंच कुणी पैसे मागितले आणि देणं भाग पडलं, तर त्याच कायद्यात सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तो तुझ्या फोनमध्ये असू दे. घराचे हप्ते चालू असताना असं वागणं सोपं नाही, हे मी जाणते. मी दोनदा नोकरी बदलली ती याच कारणाने, आणि दुसऱ्या वेळी चार महिने घरी बसले होते. तरीही हेच सांगेन.

आता बदलीचं. तुझ्या पत्रातल्या एका क्रियापदावर मी थांबले: "दोन वर्षं समजावून सांगत होते." सांगत होतीस. लिहून किती वेळा दिलंस? आवक क्रमांक पडलेली किती पत्रं आहेत? उपसचिवांनी मान हलवली, चहा दिला, 'बघू या' म्हणाले, हे सगळं त्यांच्याबरोबर दुसऱ्या विभागात गेलं. त्यांच्या खुर्चीवर आलेल्या माणसाला तू आणि तुझी कंपनी दोन्ही नवी. फाइलवर काही असेल तर तेवढंच त्याच्यापर्यंत पोहोचणार.

बदली हा अपघातही नाही. महाराष्ट्रात बदल्यांचा कायदा २००५ चा आहे आणि त्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवून दिलेला आहे. अधिकारी आला त्या दिवशीच त्याच्या जाण्याचा अंदाज आपल्या वहीत असायला हवा. त्या कायद्याचं पूर्ण नाव तुझ्या बाबांना पाठ असेल. त्यात बदल्यांचं विनियमन आहे आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंधही आहे. एकच कायदा, दोन्ही गोष्टी. साधी फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांहून अधिक थांबू नये, तातडीची असेल तर चार दिवस, अतितातडीची एक दिवस, असं त्यात लिहिलं आहे. दुसऱ्या विभागाचा अभिप्राय लागत नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा, लागत असेल तर तीन महिन्यांत. आमच्या क्षेत्रातली बरीच माणसं अधिकाऱ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतात आणि हा कायदा उघडूनही बघत नाहीत. फाइल पुढे सरकवण्यासाठी कुणाचा माणूस शोधण्याआधी या कलमाचा संदर्भ देऊन नम्र स्मरणपत्र पाठवता येतं. मी पाठवलेली आहेत. प्रत्येक वेळी उपयोग झाला असं नाही, पण स्मरणपत्र फाइलला लागतं आणि लागलेलं राहतं.

वरच्या मजल्यांची स्थिती तर तू बातमीदार म्हणून आणि नंतरही पाहिलीच आहेस. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट, त्यानंतर पाच दिवसांनी शिवाजी पार्क, ३० जून २०२२, ५ डिसेंबर २०२४. पाच वर्षांत मुख्यमंत्रिपदाचे चार शपथविधी. मधल्या काळात दोन पक्ष फुटले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ज्यांचा सगळा धंदा ओळखीवर चालायचा, त्यांची या वर्षांत झालेली दैना मी जवळून बघितली. मंत्र्यांचे खासगी सचिव बदलले, विशेष कार्य अधिकारी बदलले, काल ज्यांच्या केबिनमध्ये थेट जायचे त्यांच्याच दारात चिठ्ठी पाठवून बसावं लागलं. खालची टेबलं मात्र बऱ्यापैकी तीच राहिली.

त्या टेबलाचीच एक गोष्ट सांगते. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची मुदत, २३ जूनपासून अंमल. मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे धावपळ उडाली. बाहेरून मोठे साहेब आले, वीस स्लाइडचं इंग्रजी सादरीकरण झालं, आम्ही अगदी वरच्या अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, निवेदनावर 'तपासून सादर करावे' असा शेरा मारला आणि कागद खाली मार्क झाला. आमचे साहेब खूश होऊन विमानतळावर गेले.

आठवड्याने मी एकटी कक्ष अधिकाऱ्यांसमोर बसले. काचेचं टेबल, काचेखाली लोकलचं वेळापत्रक आणि मुलीचा शाळेतला फोटो, कडेला गुलाबी फितीने बांधलेल्या फाइलींची चळत. त्यांनी आमचं निवेदन पानपान वाचलं होतं, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणाले, "मॅडम, तुमची पाकिटं महिन्याला राज्यात किती खपतात? आणि त्यातली गोळा होऊन परत किती येतात?" पहिला आकडा माझ्याकडे देशाचा होता, राज्याचा नव्हता. दुसरा नव्हताच. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि अगदी सहज विचारलं, "मग मी वर काय लिहू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अजून आठवतं. त्यांना खरंच लिहायचं होतं. आम्ही त्यांना लिहिण्याजोगं काही दिलंच नव्हतं.

त्यानंतरचे दोन आठवडे मी धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे फिरले. कचरावेचक बायकांशी बोलले. बाटली उचलतात, दुधाची पिशवी उचलतात, कारण त्यांना भाव मिळतो. आमच्यासारखं चकचकीत, अनेक थरांचं पाकीट कुणी उचलत नाही, कारण त्याचे थर सुटे होत नाहीत आणि त्याला भंगारात जवळजवळ किंमत नाही. एका बाईने तिच्या पोत्यातून निवडून बाजूला टाकलेला ढीग दाखवला. त्यात आमची पाकिटं होती. हे मी पत्रात लिहिलं. राज्याचा खप लिहिला, परत येणं नगण्य आहे हेही लिहिलं आणि गोळा करायची व्यवस्था उभारायला किती महिने लागतील, खर्च कोण करेल ते लिहिलं. साहेब चिडले, 'आपल्याच विरोधात कशाला लिहायचं' म्हणाले. पण त्या पत्रानंतर त्या कार्यासनावर मला कधी थांबावं लागलं नाही, आणि पुढे कुठल्या मुद्द्यावर माहिती हवी असली की फोन त्यांचा यायचा. तू विचारतेस त्या भविष्याचं माझं उत्तर मी त्या टेबलावर शिकले. फाइल लिहिणाऱ्याला खरी, तपासता येईल अशी माहिती, त्याच्या भाषेत आणि वेळेत देणं एवढं हे काम आहे. बाकीचं बहुतेक सगळं सजावट.

भाषेचं मुद्दाम म्हटलं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमामुळे राज्याचा कारभार मराठीतून चालतो. गुरुग्रामहून आलेलं इंग्रजी सादरीकरण वर जायचं तर खालच्या कुणालातरी त्याचं मराठी टिपण करावं लागतं, आणि ते करताना काय गळतं, काय बदलतं यावर तुमचा ताबा राहत नाही. ते टिपण होऊ शकेल असं निवेदन तूच मराठीत दिलंस तर अर्धं काम झालं. तीन पानांच्या वर नको. कंपनी कोण, मागणी काय, कोणत्या नियमातल्या कोणत्या शब्दाला हरकत आहे, त्याऐवजी कोणता शब्द हवा, सरकारचा त्यात तोटा काय आणि फायदा काय. तोटा लिहायला घाबरू नकोस, तो नाहीतरी वित्त विभाग काढतोच. शेवटी तुझं नाव, पद आणि तू कोणाच्या वतीने बोलतेस ते स्वच्छ लिही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे पैसे घेऊन कुणाची बाजू सरकारकडे मांडणाऱ्यांना, नोंदणी करून, कोणासाठी आणि किती पैशांत काम करतो ते जाहीर करावं लागतं. आपल्याकडे असा कायदा नाही, त्यामुळे खरा व्यावसायिक आणि दलाल बाहेरून सारखेच दिसतात. तो फरक प्रत्येक कागदावर आपणच दाखवावा लागतो. आणि हा कागद उद्या माहितीच्या अधिकारात कुणाच्याही हातात जाऊ शकतो, २००५ पासून ती सोय आहे, असं समजूनच लिही. मला ते बंधन नेहमी आवडलं. त्यामुळे वाक्यं नीट होतात.

वेळेचं गणित मात्र माझ्या काळापेक्षा फार बदललं आहे, आणि इथे तुझी पिढी जास्त अवघड परीक्षा देते आहे. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक आठव. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा अख्खा धंदा तीन दिवसांत बंद. उलट चार कामगार संहितांचं बघ: पहिली २०१९ मध्ये मंजूर, उरलेल्या तीन २०२० मध्ये, आणि अंमल २१ नोव्हेंबर २०२५ ला. पाच-सहा वर्षं कंपन्या 'येणार, येणार' म्हणत कंटाळल्या आणि आल्या तेव्हा पुन्हा पळापळ. केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते पाळलं जाईलच असा भरवसा धरता येत नाही. म्हणून मसुदा येईपर्यंत थांबणारा माणूस या कामाचा नाही. तुझ्या पॅकिंगच्या विषयाची आकडेवारी दर तिमाहीला ताजी असायला हवी, कुणी मागो न मागो.

वर्षाचा ठेकाही ओळखून ठेव. अधिवेशन चालू असताना कार्यासनावर भेटी मागू नकोस. तारांकित प्रश्नांची उत्तरं आणि लक्षवेधींची टिपणं करण्यात सगळे बुडालेले असतात, आणि हिवाळी अधिवेशनाला अर्धं मंत्रालय नागपुरात. पण त्याच काळात तुझ्या विषयावर कोणत्या आमदारांनी काय विचारलं ते रोज वाचून काढ. पुढच्या नियमाची चाहूल बऱ्याचदा तिथेच लागते.

मुख्यालयाच्या एआयच्या प्रश्नाला रागाने उत्तर देऊ नकोस. ते साधन उपयोगी आहे, मीही वापरून बघितलंय. रोज निघणारे शासन निर्णय चाळून तुमच्या विषयाचे बाजूला काढायला माणूस कशाला बसवायचा? तो वेळ वाचला तर तू कार्यासनावर, कारखान्यावर, भंगारवाल्याकडे जाशील. पण एक प्रयोग कर. तुमच्या विषयाचे दहा शासन निर्णय आणि पत्रं घे, साधनाने काढलेला सारांश एका बाजूला ठेव, तुझं वाचन दुसऱ्या बाजूला. 'तत्त्वतः मान्यता' वाचून ते 'मंजुरी मिळाली' असं सांगतंय का बघ. 'तपासून सादर करावे' याला ते सकारात्मक निर्देश म्हणतंय का? 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी' या ओळीत कुणीच काही ठरवलेलं नाही, हे त्याला कळतंय का? जिथे चुकलं तिथे त्या चुकीने कंपनीचा काय निर्णय चुकला असता ते एका ओळीत लिही. हे दोन पानी टिपण मुख्यालयाला पाठव. दोन माणसं लागतात की नाही, याचं उत्तर त्यातून त्यांचं त्यांना मिळेल. तू स्वतः 'आम्ही आवश्यक आहोत' असं लिहू नकोस.

दोन सावधगिरी. अजून जाहीर न झालेला मसुदा किंवा कुणी विश्वासाने दाखवलेलं टिपण अशा साधनात टाकायचं नाही, कधीच नाही. आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा शासन निर्णय पुढे पाठवण्याआधी शासनाच्या संकेतस्थळावर शोधायचा. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी तारखेपासून सुरू होणारा लांबलचक सांकेतांक असतो, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असतं, डिजिटल स्वाक्षरी असते. हल्ली हे सगळं दिसायला हुबेहूब बनवता येतं, म्हणून नुसतं बघून समाधान मानू नकोस, संकेतस्थळावर तो सांकेतांक टाकून बघ. खोट्या कागदावर मुख्यालयाने निर्णय घेतला तर दोष मुंबई ऑफिसचा.

आणखी एक, कारण तुमच्या कंपनीचे कारखाने राज्यात असणार. मंत्रालय म्हणजे महाराष्ट्र नव्हे. राजापूर तालुक्यातल्या नाणार रिफायनरीमागे तीन सरकारी तेल कंपन्या होत्या, केंद्र होतं, राज्य होतं. वर्षाला सहा कोटी टनांची क्षमता ठरली होती. गावं राजी नव्हती, आणि मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूची जागा निघाली, तर २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणालाच लोक सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आडवे झाले. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत. प्रकल्प हवा की नको यावर तुझं-माझं मत काहीही असो, वरच्या सगळ्या सह्या हातात असूनही खालची मान्यता नव्हती, एवढं तरी आपल्या कामातल्या माणसाने त्यातून शिकायला हवं. तुमच्या कारखान्याच्या ग्रामपंचायतीत शेवटचं कधी गेली होतीस? सरपंचांचा फोन क्रमांक आहे? नसेल तर पुढच्या महिन्यात जा. तक्रार घेऊन नको, नुसती भेटायला जा. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं.

आता बाबा.

मला त्यांचा राग येत नाही, तुलाही येऊ नये. कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलासमोर ३० वर्षं कोण येऊन बसतं ते त्यांनी पाहिलंय. दिवाळीत मिठाईचे खोके घेऊन येणारे पाहिलेत आणि वर्तणूक नियमांवर बोट ठेवून ते परत पाठवलेत. 'साहेबांशी बोलणं झालंय' असं सांगून खालच्या माणसाला दबकवणारे पाहिलेत. त्या वाक्यात त्यांची लेक दिसली म्हणून ते तसं बोलले. माझ्या मते ते तुझ्या पदाला नव्हे, त्या सल्लागाराला घाबरले आहेत. त्याचं नाव माहीत नसतानाही.

आणि त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, ती आपण दोघींनी नाकारू नये. दुपारी मंत्रालयाच्या गार्डन गेटवर पाससाठी उभी असलेली रांग तू रोज बघितली आहेस. जालन्याहून, गडचिरोलीहून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद, सातबारा, जुन्या अर्जाची पोच. त्यांचाही विषय फाइलवर आहे. तुला वेळ मिळते, त्यांना रांग मिळते. तुझ्याकडे आकडे गोळा करायला पगारी माणसं आहेत, त्यांच्याकडे कोणी नाही. तू विचारलंस हे काम चांगलं आहे का. कंपनीला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, नियम करणाऱ्याला जमिनीवरची माहिती लागते, ती देणारं कुणीतरी हवंच. पण ज्याच्याकडे बोलायची ताकद जास्त आहे त्याच्यावर खरं बोलायची जबाबदारीही जास्त, असं मी मानते. कचरावेचक बाईने बाजूला टाकलेला ढीग पत्रात लिहिणं हा त्या जबाबदारीचा भाग आहे. तो लिहिता येत असेल तर काम चांगलं आहे. लिहू देत नसतील तर कंपनी बदल, क्षेत्र नको.

तर या आठवड्यात विधी विभागाचा ईमेल आधी जाऊ दे. मग नव्या उपसचिवांसाठी तीन पानांचं मराठी निवेदन लिही, पहिल्यापासून, मागचे दोन वर्षांचे सगळे मुद्दे घेऊन. रविवारी जेवणं झाली की ते बाबांच्या हातात दे. 'बघा कसं झालंय' असं विचारू नकोस, ते 'ठीक आहे' म्हणतील आणि विषय संपेल. कंपनीचं नाव झाक, एक पेन्सिल जवळ ठेव आणि विचार, "बाबा, हा कागद तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही वर काय लिहिलं असतं?"